बिल नव्या शाफ्टचं, गाडीत मात्र जुनाच

स्टिअरिंग वळवलं की पायांपाशी 'टक्' असा आवाज यायचा. खड्ड्यांच्या रस्त्यावर तर तो हातालाही जाणवायचा. गॅरेजवाल्याने गाडी जरा चालवून पाहिली आणि सांगितलं, "कॉलमच्या खालचा शाफ्ट गेलाय, क्रॉसमध्ये प्ले आहे. अख्खा शाफ्टच बदलावा लागेल." म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं खाली चाकांकडे नेणारा दांडा, आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस ढिला झालेला. निदान बरोबर होतं, म्हणून तर माझा विश्वास बसला.

संध्याकाळी गाडी हातात आली. आवाज बंद. बिलावर नवीन शाफ्ट आणि वर मजुरी. जुना पार्ट मागितला, तर म्हणाला, "भंगारात गेला." मी पैसे देऊन निघालो. चूक झाली ती इथे.

दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, की गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंग डावीकडे कललेलं राहतं. एअरबॅगचा दिवाही विझेना. फोन केला तर, "तो सेन्सरचा वेगळा प्रॉब्लेम आहे, त्याचं बिल वेगळं होईल." तीन आठवड्यांनी आवाज परत सुरू झाला.

दुसऱ्या मेकॅनिकने डॅशबोर्डखाली टॉर्च मारली आणि मलाच वाकून बघायला लावलं. शाफ्टवर काळा रंग चकाकत होता. त्याने नखाने खरवडलं, तर खाली तांबूस गंज. क्रॉसवर ग्रीस थापलेलं होतं, त्यामुळेच तेवढे दिवस आवाज दबला होता. जुनाच शाफ्ट काढून, रंगवून परत बसवला होता, तोही टोकाच्या दात्यांमधला एक दाता चुकवून. म्हणून स्टिअरिंग वाकडं. शाफ्ट सुटा असताना स्टिअरिंग लॉक न करता गरागरा फिरवलं असणार, त्यात क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमधल्या एअरबॅगकडे वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटली.

मग त्याने जॉइंटच्या बोल्टला हात लावला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी तो फिरला. हा बोल्ट शाफ्टच्या खाचेत अडकतो, त्यानेच शाफ्ट दात्यांवर धरून राहतो. बोल्ट गळून पडला आणि शाफ्ट निसटला, तर स्टिअरिंग हातात फिरत राहतं आणि चाकं वळत नाहीत. आदल्या रविवारी याच गाडीतून आई-बाबांना घेऊन मी हायवेने आलो होतो. पैशांचं दुःख मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने आधी कानावर हात ठेवले, फोटो दाखवल्यावर "पोरानं केलं असेल" म्हणाला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

हे काम करून घेणार असाल तर गाडी देण्याआधीच सांगा, जुना शाफ्ट मला हातात हवा. नव्याचं खोकं बघा. जुन्या शाफ्टवर कुठेतरी ठिपका करून फोटो काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. चाकं सरळ, स्टिअरिंग लॉक आणि बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबणं, एवढं न करता कोणी शाफ्टला हात घालत असेल तर तिथेच थांबवा.

नवा शाफ्ट बसवताना मी शेजारी उभा होतो. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला गेला की टॉर्क पाना 'कट्' असा वाजतो, तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला. जुना शाफ्ट आता माझ्या डिकीत आहे, नखाच्या ओरखड्यासकट.