समुपदेशनाची खोली की पाड्याची वाट?

नाशिकमध्ये राहूनच लोकांच्या मनाच्या आरोग्याचं काम करायचं, हे अनेकांचं पक्कं असतं. गाडी अडते ती एम.ए. मानसशास्त्र की एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, या प्रश्नावर. मी दोन्हीकडच्या मंडळींबरोबर काम केलंय. माझं म्हणणं, पदवीच्या आधी काम कुठे बसून करायचंय ते ठरवा.

एम.ए. केलेल्यांचं बरंचसं काम खोलीत चालतं: दवाखाना, शाळा, नाहीतर हेल्पलाइन. दार लावता येतं, एकाच माणसासोबत महिनोन्‌महिने खोलात जाता येतं. मात्र नुसत्या एम.ए.वर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याला त्यापुढचं शिक्षण लागतं. तो खर्च आणि ती वर्षं आधीच हिशेबात धरा.

एम.एस.डब्ल्यू.ला दार नसतं. सुरगाणा, पेठकडचे पाडे द्राक्षांच्या हंगामात निम्मे रिकामे होतात. माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला येतात. दिवाळीत कुठे बोलू लागलेली बाई डिसेंबरात घराला कडी लावून गेलेली असते. मग आपण बागेत जायचं. अशीच एक ताई घडांची विरळणी करत होती, हात थांबवायची सोय नव्हती. मीही शेजारी कात्री घेऊन उभी राहिले. तासाभराने, माझ्याकडे न बघता, ती नवऱ्याच्या दारूबद्दल बोलली. समोर खुर्ची मांडून बसवलं असतं तर ती बोलली नसती, असं मला आजही वाटतं.

आश्रमशाळेत दोघांचीही कसोटी लागते. “ताई, कुणाला सांगू नका हं,” असं म्हणत मूल अत्याचाराबद्दल सांगतं, तेव्हा तसा शब्द देता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. हे मुलाला आधीच, त्याला समजेल असं सांगायला हवं. खोलीतला माणूस ते ऐकतो, धीर देतो. पोलीस ठाणं, बालकल्याण समिती, गावातलं घर ही पुढची धावपळ बहुतेकदा एम.एस.डब्ल्यू.च्या अंगावर येते.

नोकरी दोन्हीकडे बहुधा कंत्राटी. मुलाखतीत पगाराइतकंच ठासून विचारा: माझ्या केसेसबद्दल माझ्याशी कोण बोलणार, आणि प्रकल्प संपला की ही माणसं कुणाच्या हवाली? उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा घेऊ नका.

या पाड्यांवरच्या आदिवासींची कोकणा बोली घरची असेल तर मी डोळे झाकून एम.एस.डब्ल्यू. सांगेन, तिथे भाषेवाचून फार अडतं. बाकीच्यांनी फॉर्म भरण्याआधी जानेवारीतला एक आठवडा दिंडोरीच्या बागांत, कुणा कार्यकर्त्याच्या सोबतीने काढावा.