हातखर्चाचे पैसे: रोख, मुलांचे स्वतःचे खाते की यूपीआय सर्कल?

मुले अकरावीला गेली की बसचा पास, कँटीन, झेरॉक्स आणि मोबाइलचे रिचार्ज असा खर्च रोजचा होतो आणि आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहतो, की हे पैसे द्यायचे कसे. तिन्ही मार्गांची तुलना करताना मी एकच कसोटी लावली आहे: महिन्याची रक्कम ठरलेली असावी आणि ती संपली की खरोखर संपावी. पैसे संपल्याचा अनुभव ज्या व्यवस्थेत येतच नाही, तिथे हिशेबाची वही कितीही सुबक असली तरी मूल फारसे काही शिकत नाही.

या कसोटीवर रोख रक्कम सर्वांत प्रामाणिक ठरते. आमच्या मुलीला पहिल्या महिन्यात एक तारखेला पाकिटात पंधराशे रुपये दिले होते; एकोणीस तारखेला त्यात दहाची एक नोट उरली आणि उरलेले दिवस तिने मुकाट्याने घरचा डबा नेला. मात्र रोखीचा माग राहत नाही, आणि आता वडापावच्या गाडीवरही क्यूआर कोड असल्यामुळे मैत्रीण फोनवरून पैसे भरते, वाटणी नंतर करू म्हणते आणि ही उधारी कोणत्याच पाकिटात दिसत नाही. आठवी-नववीपर्यंत पाकीट पुरते; कॉलेजात ते तोकडे पडते.

दुसरा मार्ग मुलांच्या नावाच्या बचत खात्याचा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँक ठरवील त्या मर्यादेत आपले खाते स्वतः चालवता येते. डेबिट कार्ड, चेकबुक किंवा नेट बँकिंग द्यायचे की नाही, हे बँकेने स्वतःचे धोरण पाहून ठरवायचे असते. त्यामुळे खाते उघडण्यापूर्वी शाखेत हे स्पष्ट विचारून घ्यावे. (आम्ही न विचारता खाते उघडले आणि पुढे प्रत्येक स्लिपवर पालकांची सही मागितली गेली, तेव्हा स्वतंत्र खात्याचा अर्थच उरला नाही.) या खात्यातील शिल्लक शून्याखाली जाऊ द्यायची नाही, अशी अट त्याच परिपत्रकात असल्यामुळे माझ्या कसोटीला हे खाते पूर्ण उतरते. शिवाय पासबुक छापून आणले की ‘कुठे गेले कळलेच नाही’ या उत्तराला फारशी जागा राहत नाही.

यूपीआय सर्कल ही 2024मध्ये आलेली सोय दिसायला सर्वांत सोपी आहे. पालकांनी जोडलेली दुसरी व्यक्ती, म्हणजे इथे मूल, पालकांच्या खात्यातून खर्चाचे पैसे भरू शकते आणि तिचे स्वतःचे खाते असण्याची गरज नसते. अधिकार पूर्ण दिला, तर महिन्याला कमाल पंधरा हजार आणि एका व्यवहाराला पाच हजार रुपयांची मर्यादा असते. पालकांनी त्याहून कमी मर्यादाही घालावी. अंशतः अधिकार दिला, तर प्रत्येक खर्चाला पालकांना आपला पिन टाकून मंजुरी द्यावी लागते. हा दुसरा प्रकार मला शिकवणीपेक्षा पहारा वाटतो: मूल कँटीनच्या रांगेत ताटकळते, आई ऑफिसच्या मीटिंगमध्ये पिन टाकते आणि चहा घ्यावा की नाही हा निर्णय नकळत आईचा होतो. पूर्ण अधिकारातही पैसे आईवडिलांच्याच खात्यातले असल्याने ‘माझे संपले’ ही जाणीव पुसट राहते. परगावी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी, अडीअडचणीची सोय म्हणून मात्र ही व्यवस्था उत्तम आहे. ॲपची वयाची अट आधी पाहून घ्यावी.

म्हणून अकरावी-बारावीसाठी माझी निवड स्वतःच्या खात्याची आहे, आणि तिला वयाचेही कारण आहे. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्तीला ‘अज्ञान’ म्हणतात आणि अज्ञानाने केलेला कर्जाचा करार मुळातच निरर्थक असतो, असे ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903मध्येच ठरवले आहे. अठरा पूर्ण होताच हे कवच गळून पडते आणि क्रेडिट कार्ड व झटपट कर्जाची ॲपे समोर येतात. तोवरच्या दोन वर्षांत होणारी चूक फार तर महिन्याच्या हातखर्चाएवढी असते.

राहिला प्रश्न मध्येच पैसे संपल्यावर काय करायचे याचा. आमच्याकडे उचल मिळते, पण ती पुढच्या महिन्यात कापून घेतली जाते. ऑगस्टमध्ये दोनशे रुपयांची उचल घेतल्यावर सप्टेंबरच्या एक तारखेला खात्यात तेराशेच जमा झालेले पाहून मुलगी दोन दिवस बोलली नाही, पण तिने पुन्हा उचल मागितलेली नाही.