गावात घरकुल की जळगावात भाड्याची खोली?

चोपड्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. नवरा जळगावात कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, गावचं मातीचं घर पडायला आलेलं.

खर्च: प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्याने. बांधकामाचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, तोवर सिमेंट-सळईची उधारी. खोलीला डिपॉझिट आणि दरमहा भाडं. कापसाचा हंगाम संपला की भाडं थकतं, आणि कुटुंबं उघड्यावर येतात ती इथेच.

कागद: जागा नमुना ८ ला (ग्रामपंचायतीची घर-जागेच्या कराची नोंदवही) नावावर नसेल तर घरकुल अडकतं. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शहरात बरेच मालक करारच करत नाहीत, हे फार वाईट.

जागा नावावर असेल तर घरकुलच. जागा नाही आणि मुलं शहरात शिकतायत, तर खोली, पण ११ महिन्यांचा करार करूनच.