पहिल्या बरो रेससाठी: स्टँडर्ड गाढव की मॅमथ?

बरो रेस म्हणजे गाढवाला दोराने धरून माणसाने त्याच्याबरोबर धावायची शर्यत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फेअरप्ले गावच्या शर्यतीत नियम दोन्ही जातींना एकच: खोगिरावर 33 पौंड ओझं, त्यात कुदळ, फावडं आणि सोनं धुवायची परात, दोर 15 फुटांपर्यंत, पाठीवर बसायला मनाई.

स्टँडर्ड 36 ते 48 इंच उंच. उधळलं तरी आवरतं, ओढ्याशी अडलं तर मागून रेटता येतं. मॅमथ 54 इंचांपुढचं. ढांग लांब, चढाला झकास. पण ते सुटलं की दोर हाताला गुंडाळणारा फरफटलाच! शिवाय चारा, खोगीर, ट्रेलर सगळंच मोठं.

अडेलपणात दोघं सारखीच. पुढून ओढू नका, पुठ्ठ्याजवळ राहून हाका. शेपटीखालचा पट्टा सैल असेल तर उतारावर खोगीर मानेवर येतं.

15 मैलांच्या छोट्या शर्यतीला नवख्याने स्टँडर्डच घ्यावं. मॉस्किटो पास या डोंगरखिंडीची 29 मैलांची शर्यत धावणाऱ्या, जनावरात मुरलेल्या माणसाला मॅमथ शोभतं.