कर्क्युमिनच्या कॅप्सूल : अर्क चांगला, दावा अवाजवी

सदाशिव पेठेतील एका औषध दुकानातून घेतलेल्या या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स (म्हणजे कर्क्युमिन आणि त्यासारखे हळदीतील पिवळे घटक) असलेला हळदीचा अर्क आणि मिऱ्यातील पायपरिन असून, दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर स्पष्ट छापले आहे, हे मला मोलाचे वाटते. साध्या हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असते आणि तेही फार कमी शोषले जाते. १९९८ मधील एका अभ्यासात पायपरिनमुळे माणसांमध्ये त्याची जैवउपलब्धता (म्हणजे शोषले जाऊन रक्तात पोहोचणारे प्रमाण) २००० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. मात्र ‘विषाणूंपासून संरक्षण’ हा वेष्टनावरील दावा मला मान्य नाही, कारण कर्क्युमिन इन्फ्लुएंझाच्या विषाणूला रोखते हे निष्कर्ष प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत आणि तिथे वापरलेली मात्रा कॅप्सूल गिळून रक्तात सहसा पोहोचत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या घेऊ नयेत.