खिशातला वेल्श कोश: कुत्रा काही सापडेना

वेल्समधल्या स्वानसीतल्या एका चॅरिटी शॉपमधून साडेतीन पौंडांना घेतलेला वेल्श–इंग्रजी खिसाकोश तीन महिने वापरतेय. प्रकाशक विचारू नका, पहिलं पान आधीच फाटलेलं होतं.

घेतला लेकीसाठी. इथे शाळेत वेल्श सक्तीची. त्यात शेजारच्या आजोबांकडे कॉर्गी. त्याच्याबद्दल बोलताना ते ‘व्ह ङ्ही’ म्हणतात, म्हणजे ‘माझा कुत्रा’. ‘वाङ्मय’ सोडलं तर ङ माझ्या तोंडात कधी आलाच नव्हता! कोशात शोधायला गेले तर पत्ता नाही. मूळ शब्द ‘की’. ‘माझा’ आला की त्याचा ङ्ही होतो. ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ यांना शब्द एकच, ‘इ’. पुढे कुत्र्याचा ‘गी’ झाला तर मालक पुरुष, घशातून ‘खी’ आला तर बाई. आपल्याकडे कुत्रा, कुत्र्याला, कुत्र्याने: शेपूट बदलतं, डोकं जागेवर राहतं. यांचं डोकंच बदलतं, आणि कोश तर पहिल्या अक्षरावर लावलेला! शिवाय ङसाठीचं ‘एनजी’ हे त्यांचं एकच अक्षर, तेही ‘एन’मध्ये नाही, ‘जी’च्या मागे. आपला ङ घच्या मागे उभा असतो ना, तसं. हे कळायला मला महिना लागला.

खरा राग आला तो ‘कॉर्गी’वर. अर्थ काय दिलाय? कॉर्गी. बस्स. शेवटी वेल्स विद्यापीठाचा मोठा कोश उघडला. त्याचं काम १९२१ मध्ये सुरू झालं, शेवटचा भाग २००२ मध्ये निघाला आणि आता तो ऑनलाइन फुकट आहे. ‘कॉर्’ म्हणजे बुटका, ‘की’ म्हणजे कुत्रा, जोडताना कचा ग. वाक् + ईश = वागीश पाठ केलेल्या माणसाला हे लगेच पटतं. इंग्रज अनेकवचन ‘कॉर्गीज’ करतात, आजोबा मात्र ‘कॉर्गुन’ म्हणतात, कारण ‘की’चं अनेकवचन ‘कून’. हा ‘कून’ आणि संस्कृतातला श्वा, षष्ठीत शुनः, एकाच घराण्यातले.

बुटकेपणाही कामाचा. गुरांच्या टाचांना चावत त्यांना हाकायचं आणि गाईने लाथ झाडली तर ती डोक्यावरून जायची. आजोबांचा कॉर्गी अजून माझ्या लेकीच्या टाचा सोडत नाही.

शेवटच्या पानावरचा अक्षरबदलांचा तक्ता मात्र झकास. तेवढ्यासाठी पाचपैकी तीन तारे. बांधणीला शून्य. ‘एम’ची पानं सुटी झालीत, त्यामुळे ‘मोखिन दायअर’, जमिनीतलं डुक्कर, म्हणजे आपला बॅजर, सध्या फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे.