पुरस्काराच्या नावाखाली माझे ६०,७७० रुपये कसे गेले

आरोग्य व्यवस्थापनातील संशोधन आणि सेवा यांबद्दल ‘राष्ट्रीय पुरस्कार’ देतो असे सांगून दिल्लीतील एका संस्थेने माझ्याकडून टप्प्याटप्प्याने ६०,७७० रुपये घेतले. जाण्या-येण्याचे आणि राहण्याचे १९,४६० रुपये वेगळे, म्हणजे एकूण ८०,२३० रुपये. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण जिल्हा ग्राहक आयोगापुढे माझी तक्रार प्रलंबित आहे आणि नाव छापल्यास अब्रुनुकसानीचा दावा लावू, असे त्यांच्या वकिलाने लेखी कळवले आहे. व्यवहार कसा झाला ते मात्र तपशिलाने सांगते, कारण माझ्याच क्षेत्रातल्या आणखी काही जणांकडे याच नमुन्याची पत्रे येऊन पडली आहेत.

मी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शिकवते आणि महाविद्यालयाशी जोडलेल्या दीडशे खाटांच्या रुग्णालयाच्या प्रशासनातही काम करते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत रुग्णाचा वेळ नेमका कुठे जातो, यावर मी विद्यार्थ्यांना घेऊन काम केले होते. प्रत्येक टेबलापाशी एक विद्यार्थी घड्याळ आणि तक्ता घेऊन उभा राहिला, तेव्हा लक्षात आले की सर्वांत मोठा खोळंबा डॉक्टरांच्या दारात होत नव्हता. तो रेकॉर्ड रूममधून जुनी फाइल वर येण्यात होता. पुनर्तपासणीला बोलावलेल्या रुग्णांच्या फाइली आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायला सुरुवात केल्यावर सकाळची गर्दी बरीच ओसरली. हे काम एका नियतकालिकात छापून आले. हे सांगण्याचे कारण असे की पत्र आले तेव्हा त्यात माझ्या शोधनिबंधाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव आणि वर्ष, तिन्ही अचूक होते. ज्याने काम खरोखर केले आहे, त्याला आपल्या कामाची दखल घेणारे पत्र खरे वाटणारच. रुग्णालयात यश डॉक्टरांच्या नावावर जमा होते आणि प्रशासकाची आठवण फक्त लिफ्ट बंद पडली किंवा डिस्चार्जला उशीर झाला की होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी फाइली काढण्याच्या कामाला संशोधन म्हटले होते. माझ्या या आनंदाला कोणी हाव म्हणू नये.

पहिली मागणी ‘नामांकन छाननी शुल्क’ म्हणून २,९५० रुपयांची होती. पंधरवड्यात ज्यूरीने आपली निवड केल्याचा मेल आला आणि त्यासोबत ‘प्रतिनिधी नोंदणी व सत्कार’ या शीर्षकाखाली ३३,०४० रुपयांचे देयक आले. पाठोपाठ सोबत येणाऱ्या व्यक्तीचा पास ७,०८० रुपये आणि स्मरणिकेतील एका पानाच्या परिचयाचे १७,७०० रुपये. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीवर बेतलेली होती. पहिले पैसे भरून झालेले असल्यामुळे दुसरे नाकारणे जड जात होते. शेवटी आणखी ४५,००० रुपयांत ‘मानद डॉक्टरेट’ही देऊ केली गेली. ती मी नाकारली, कारण पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, हे मला ठाऊक होते. त्याच कायद्यात अधिकार नसताना पदवी देण्याच्या गुन्ह्याला एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. पंचेचाळीस हजारांची पदवी विकणाऱ्याला एक हजाराच्या दंडाची भीती का वाटावी?

आता ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो, त्याविषयी. ज्यूरीने निवड केल्याचा मेल आल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला आणि लगेच व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न लेखी आला : “मॅडम, तुमची कॅटेगरी काय ठेवू? रिसर्च की सर्व्हिस? आज सर्टिफिकेट प्रिंटिंगला जाणार आहे.” परीक्षकांनी माझे काम वाचून मला निवडले असेल, तर कशासाठी निवडले हे मला विचारण्याचे कारण काय? हा एकच प्रश्न सगळे उघडे पाडणारा होता. त्या वेळी मी महिनाअखेरच्या विमा देयकांत बुडाले होते, टीपीएकडून, म्हणजे विमा दावे तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडून, परत आलेल्या फाइलींचा ढीग टेबलावर होता आणि फोनवरची मुलगी घाई करत होती. घाई हीच त्यांची युक्ती आहे. प्रत्येक मागणी दुपारी चारनंतर येई आणि मुदत त्याच दिवशी सहापर्यंतची असे. मी ‘रिसर्च’ असे लिहून पाठवले. त्या उत्तराबरोबर माझे ३३,०४० रुपये पक्के झाले.

दिल्लीतील हॉटेलच्या सभागृहात शंभराहून अधिक पुरस्कारार्थी होते. मंचाच्या बाजूच्या लांब टेबलावर सारख्या उंचीच्या ट्रॉफ्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तळाशी क्रमांकाची चिठ्ठी डकवलेली होती. प्रमुख पाहुणे पहिल्या काही जणांचा सत्कार करून निघून गेले. उरलेल्यांना ट्रॉफी आयोजकांच्या हातून मिळाली, पण छायाचित्रकाराने मागचा फलक प्रत्येकाच्या चौकटीत नीट येईल याची काळजी घेतली. माझ्या शेजारी एक फिजिओथेरपिस्ट आणि दंतचिकित्सालय चालवणारे एक गृहस्थ बसले होते. आम्ही तिघांनी मानपत्रे उघडली, तर तिन्हींत ‘सखोल संशोधन व निःस्वार्थ सेवा’ असा तोच मजकूर होता, फक्त नाव वेगळे. रेकॉर्ड रूमचा, फाइलींचा, रुग्णांच्या वाचलेल्या वेळेचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. पत्रात अचूक छापलेले शीर्षक मानपत्रापर्यंत पोहोचलेच नाही, कारण ते फक्त मला गाठण्यासाठी वापरले होते.

परत आले तेव्हा महाविद्यालयाच्या फाटकावर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला होता. काही महिन्यांनी पदोन्नतीच्या फाइलीत हे प्रमाणपत्र जोडले, तेव्हा छाननी समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते बाजूला काढून, पैसे किती भरले, असे सर्वांदेखत विचारले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत संशोधन-गुणांकनाच्या तक्त्यात आंतरराष्ट्रीय पुरस्काराला सात आणि राष्ट्रीय पुरस्काराला पाच गुण आहेत, हे बहुतेक प्राध्यापकांना पाठ आहे. पण त्याच नियमावलीत प्राथमिक निवडीच्या तक्त्यात राष्ट्रीय पुरस्कार म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्था, भारत सरकार किंवा भारत सरकारची मान्यता असलेली राष्ट्रीय संस्था यांनी दिलेला, असा खुलासा आहे, तो कोणी वाचत नाही. असे पुरस्कार विकणाऱ्यांचा धंदा याच पाच गुणांवर उभा आहे, आणि पुरस्कारांना गुण ठेवताना त्यांची मान्यताप्राप्त यादी न देणाऱ्यांनी या बाजाराला हातभार लावला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरवला गेला.

माझ्या विषयातले खरे सन्मान कसे दिले जातात, हे मी वर्गात शिकवते. अमेरिकेत आरोग्य व्यवस्थापन शिकवणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचे तरुण संशोधकांसाठीचे पारितोषिक जॉन डी. थॉम्पसन यांच्या नावाचे आहे. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर यांच्यासह डीआरजी, म्हणजे निदानानुसार रुग्णांचे गट पाडण्याची पद्धत उभी करणारे ते हेच थॉम्पसन. आपल्याकडे सार्वजनिक रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली ‘कायाकल्प’ योजना घ्या. तिथे आधी रुग्णालय स्वतः, मग शेजारच्या रुग्णालयाचे लोक आणि शेवटी बाहेरचे तपासनीस गुण देतात, आणि बक्षिसाची रक्कम रुग्णालयाच्या पदरात पडते. सन्मान घेणाऱ्याच्या खिशातून ट्रॉफीचे पैसे काढणारा सन्मान यांपैकी एकही नाही.

देयकावरचा जीएसटी क्रमांक मी नंतर तपासला. तुम्ही पैसे भरण्याआधी तपासा. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘टी’ असेल तर न्यास आणि ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. लेटरहेडवर ‘परिषद’ म्हणवणाऱ्या या संस्थेच्या क्रमांकात ‘पी’ होता. जीएसटीच्या पोर्टलवर शोधल्यावर ती इव्हेंट मॅनेजमेंटची एकट्या मालकाची पेढी निघाली, आणि नोंदणी माझ्या पहिल्या देयकाच्या आधीच रद्द झालेली होती. तरीही चारही देयकांत मिळून ९,२७० रुपये कर म्हणून माझ्याकडून वसूल केले गेले.

यानंतर दाद मागण्याचा जो अनुभव आला, तो फसवणुकीपेक्षा अधिक मनस्ताप देणारा होता. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनी कागद न चाळताच विचारले, “ट्रॉफी मिळाली, फोटो आहेत, जेवण झाले, मग फसवणूक कुठली?” मग हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले, आणि मी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ दाखवल्यावर दिल्लीला जाऊन तक्रार द्या म्हणाले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. हे वाक्य मी छापून नेले होते. त्यांनी ते वाचले, घडी घालून परत दिले आणि साधा अर्ज ठेवून जा म्हणाले. सायबर शाखेने पैसे स्वतःहून पाठवले असल्यामुळे हे प्रकरण आपल्याकडे येत नाही असे सांगितले. बँकेचे उत्तर शब्दाशब्दाने तेच होते. करचोरीची तक्रार दिली, तर ती योग्य कार्यालयाकडे पाठवल्याचा संदेश आला आणि तक्रार ‘निकाली’ दिसू लागली. निमंत्रणावर एका केंद्रीय मंत्रालयाचे बोधचिन्ह ‘सहकार्याने’ या शब्दासह छापलेले होते. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारल्यावर, असे कोणतेही सहकार्य दिलेले नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. आपल्या नावावर लोकांना लुबाडले जात आहे हे कळल्यावर त्या मंत्रालयाने काही केले का, या माझ्या पुढच्या पत्राला उत्तरच आलेले नाही. प्रत्येक टेबलावर मला कागद मागितले गेले आणि प्रत्येक टेबलावरून ते कागद दुसऱ्याच टेबलाचे आहेत असे सांगितले गेले. रुग्णालयात रुग्णाला असे फिरवले असते, तर आमच्यावर चौकशी बसली असती.

पत्रांवरच्या शिक्क्यांना भुलू नका. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी स्वतःच्याच घोषणेवर, फुकट मिळते. ‘दर्पण’ क्रमांक म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या यादीतील नोंद. त्याला सरकारी मान्यता म्हणता येत नाही. आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र कार्यपद्धतीविषयी असते आणि पुरस्काराच्या दर्जाविषयी काहीच सांगत नाही. मागच्या वर्षीच्या विजेत्याला फोन करा, पण त्याने पैसे भरले का, हे थेट विचारा. ‘कार्यक्रम छान झाला’ एवढेच तो आपणहून सांगेल, कारण त्याचाही फ्लेक्स लावलेला असतो. परीक्षकांची नावे मागा, आणि ती मिळाली तर त्या परीक्षकांनाच विचारा. रुग्णालय चालवणाऱ्यांनो, असल्या ट्रॉफ्या रिसेप्शनवर मांडू नका. आईवडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखाना निवडणारा माणूस त्या काचेच्या कपाटाकडे पाहून विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाची किंमत आपल्या ३३,०४० रुपयांपेक्षा फार मोठी असू शकते.

आशा आहे ती ग्राहक आयोगाकडूनच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे देयकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ‘फक्त दिल्ली न्यायक्षेत्र’ या ओळीला घाबरून गप्प बसू नका. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा.

संस्थेने आयोगाला दिलेल्या लेखी उत्तरात आपण ‘प्रसिद्धी सेवा’ पुरवली आणि पुरस्कार हा त्या पॅकेजचाच भाग होता, असे म्हटले आहे. ज्यांना निवडीचे पत्र पाठवताना ‘ज्यूरी’ लिहिले, त्यांनाच आयोगापुढे ‘ग्राहकाने पॅकेज घेतले’ असे म्हणण्याची त्यांना लाज वाटलेली नाही. माझ्याबरोबर त्या सभागृहात असलेल्यांना विनंती आहे की लाजेपोटी कागद फाडून टाकू नका. चारही देयके, बँकेचे उतारे आणि मानपत्राची छायाप्रत आपापल्या जिल्ह्यातील तक्रारीला जोडा, आणि कॅटेगरी विचारणारा तो व्हॉट्सॲप संदेश तारखेसह छापून त्यासोबत ठेवा. माझ्या प्रकरणात ज्यूरी नव्हतीच हे दाखवणारा सर्वांत बळकट पुरावा म्हणून माझ्या वकिलांनी तोच पुढे ठेवला आहे.